हरकत कुणाची

बुद्धघोषला 'बापू' म्हणायचं, हे आदल्या दिवशीच ठरलं होतं. ठरवलं अनुपनं, मान हलवली त्याच्या वडिलांनी, अप्पांनी. ज्याला बापू म्हणायचं होतं त्याला मात्र हे कळवायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

मालनबाईंना हे मुळातच पटलं नव्हतं. भोसल्यांच्या घरात सून म्हणून आल्या तेव्हा हा दीर अर्ध्या चड्डीत शाळेला जायचा. त्याला जेवू घातलं, परीक्षेला धाडलं, लग्नात हळद लावली, सगळं नाव घेऊनच. आता साठीला आलेल्या माणसाचं नव्यानं बारसं करायचं म्हणजे काय?

"आई, फक्त पार्किंगमध्ये," अनुप म्हणाला होता. "आणि लिफ्टमध्ये. घरात आल्यावर काय म्हणायचं ते म्हण."

"आन् जिन्यात?"

"जिन्यात पण बापूच."

"मग मी तोंडच उघडत न्हाय. त्येच बरं."

अनुपचा नाइलाज होता. बारामतीजवळ जळोचीतल्या 'एकोपा' सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यानं एका डॉक्टरांकडून घेतला होता. खरेदीखत झालं होतं, किल्ल्या हातात आल्या होत्या, सामान येऊन पडलं होतं. राहिलं होतं ते एकच, सोसायटीनं सभासद करून घ्यायचं. तो ठराव रविवारी संध्याकाळच्या मीटिंगमध्ये व्हायचा होता. चेअरमन संभाजीराव तर पहिल्या भेटीपासूनच अनुपच्या प्रेमात पडले होते.

"भोसले!" ते म्हणाले होते. "कुठले भोसले?"

"मूळचे इंदापूरकडचे," अनुप म्हणाला. तो लोणी देवकरच्या एका कंपनीत इंजिनिअर होता आणि नेमक्या प्रश्नाला नेमकंच उत्तर द्यायची त्याला सवय होती.

"शेती?"

"आहे थोडी."

"मग बोलायलाच नको. या, राजे, या!"

तेव्हापासून अनुप 'राजे' झाला. त्यानं खोटं काही सांगितलं नव्हतं. विचारलं नाही ते सांगितलं नव्हतं, इतकंच. संभाजीरावांनी मनातल्या मनात त्याला गादीवर बसवलं आणि तोही खाली उतरला नाही. अप्पा जन्मले ते धर्मांतराच्या आधी, त्यामुळे त्यांच्या नावावरून कुणाला काही कळायची सोय नव्हती. धाकटा भाऊ जन्मला तो धर्मांतरानंतर, वडिलांच्या अंगात नवी हुशारी असताना. त्यांनी पोराचं नाव ठेवलं बुद्धघोष. ते नाव नुसतं हाकेला वापरलं तरी घोषणा दिल्यासारखं व्हायचं.

रविवारी दुपारी बुद्धघोष इंदापूरहून आला. घरात बसवायची पितळी बुद्धमूर्ती त्यानं स्वतःच्या हौसेनं आणली होती आणि अनुपनं फोनवर बजावल्याप्रमाणे चादरीत गुंडाळली होती. मूर्ती पोटाशी धरून तो लिफ्टमध्ये शिरला. मालनबाई तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दारापाशी उभ्या होत्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये कुठंतरी लिफ्टनं आचका दिला आणि ती थांबली. आतला दिवा गेला. पंख्याची घरघर बंद पडली.

 मागच्याच वर्षी दिराच्या हृदयाच्या नसेत नळी बसवली होती.

"बापू!" त्यांनी हाक मारली. "आवो बापू!"

आतून काही नाही.

"बापू, बरं हाय न्हवं? बापू!"

काहीच नाही. हाका ऐकून दारं उघडायला लागली. पहिल्या मजल्यावरून संभाजीराव बनियनवरच बाहेर आले आणि जिन्यातून वर बघून ओरडले, "राजे, घाबरू नका! आमी हाय ना! कोण हाय आत?"

"काका आहेत," अनुप म्हणाला. "बापूकाका."

"ओ बापूसाहेब! आवाज द्या!"

बापूसाहेबांनी आवाज दिला नाही. मालनबाईंनी लिफ्टच्या दारावर दोन्ही हात आपटले. आता त्यांना ना पार्किंग आठवलं, ना सभासदत्व. "बुद्धघोष!" त्यांनी सगळा जिना दणाणून सोडला. "आरं ए बुद्धघोष!"

"हाय की, वैनी!" आतून लगेच उत्तर आलं, सभेत बोलावं तसं खणखणीत. "मी ठणठणीत हाय! बुद्धमूर्ती पण ठणठणीत हाय!"

जिन्यात अशी शांतता पसरली की खालच्या घरातल्या कुकरची शिट्टी वरपर्यंत ऐकू आली.

"मगाधरनं बोलत का न्हवतास मग?" मालनबाई कळवळून म्हणाल्या.

"मला कुठं हाक मारली? मला वाटलं, कुणी बापू दुसरीकडं अडकलाय!"

अनुपनं भिंतीला डोकं टेकलं. संभाजीरावांनी एकदा लिफ्टकडं पाहिलं, एकदा अनुपकडं. मग घसा साफ केला. "तंत्रज्ञाला बोलावण्यात येत आहे," ते म्हणाले आणि शर्ट घालायला आत गेले.

मालनबाईंनी ते ऐकलं. पाच मिनिटांपूर्वी या माणसाच्या तोंडात 'आमी हाय ना' होतं. आता 'येत आहे' आलं होतं. माणसाची भाषा एवढी चोख झाली, की काहीतरी बिनसलं म्हणून समजावं.

लिफ्ट सुटली. बुद्धघोष घामानं निथळत बाहेर आला, चादर खांद्यावर आणि मूर्ती उघडी. जमलेल्या मंडळींना त्यानं मूर्तीसकट वाकून "जय भीम" केला.

"हो, हो," संभाजीराव म्हणाले. "अगदी. नमस्कार."

*

मीटिंगच्या आधी संभाजीराव आणि सेक्रेटरी ऋषिराज वर भेटायला आले. ऋषिराज तिशीतला, गळ्यात सोन्याची साखळी, हातात सोसायटीची फाईल. दोघं सोफ्याच्या कडेला बसले, पाठ न टेकता. अनुपची बायको अंजली हिनं पाणी आणलं. दोघांनी पेले हातात घेतले आणि बोलणं संपेपर्यंत अगदी जपून हातातच धरले.

"सर्वांनी आपापले मोबाईल टेबलावर ठेवूया का?" ऋषिराज म्हणाला. "मोकळेपणानं बोलता येतं."

मोबाईल ठेवले गेले. संभाजीरावांनी मोकळेपणानं बोलायला सुरुवात केली.

"सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो, मिस्टर भोसले. आपल्या संस्थेत जातपात अजिबात मानली जात नाही."

"आमी कुठं इचारलं?" मालनबाई म्हणाल्या.

"नाही, तरीपण. गैरसमज नको."

"माझा तर कॉलेजात रूममेटच तुमच्या समाजातला होता," ऋषिराज म्हणाला.

"मग त्याला काय तरास झाला न्हाय न्हवं तुमचा?" मालनबाईंनी खरोखरीच्या काळजीनं विचारलं. ऋषिराजनं फाईल उघडली आणि बंद केली.

अनुप म्हणाला, "आजच्या मीटिंगमध्ये आमचा विषय आहे ना?"

"विषय आहे. परंतु काही तांत्रिक बाब उद्भवलेली आहे."

"कुठली?"

संभाजीरावांनी ऋषिराजकडं पाहिलं. ऋषिराजनं छताकडं पाहिलं. तिथं त्याला काहीतरी सापडलं. "पाण्याच्या टाकीची क्षमता," तो म्हणाला.

"टाकी तीच आहे, घरं तेवढीच आहेत," अंजली म्हणाली. ती बारामतीच्या कोर्टात वकिली करायची आणि घरात बोलतानाही आवाज चढवत नसे. "आधीचे डॉक्टर पाणी वापरत नव्हते का?"

"वापरत होते. पण कमी. डॉक्टर होते ते." ऋषिराज थांबला. आपण काय बोललो हे त्यालाच नीट कळलं नसावं.

संभाजीरावांनी सूत्रं हातात घेतली. "टाकी हा एक मुद्दा झाला. दुसरा म्हणजे, सभासदांच्या भावना."

"कुणाच्या?"

"कुणा एकाच्या नाहीत. सर्वसाधारण."

"तुमच्या?"

"छे, छे! माझी वैयक्तिक काहीच हरकत नाही."

"माझी पण नाही," ऋषिराज घाईनं म्हणाला.

"तेव्हा विषय जरा पुढं ढकलू. वातावरण निवळू दे." संभाजीराव उठले, मालनबाईंना हात जोडले. "काकू, तुम्ही मला आईसारख्या."

दोघं गेले. पेले टेबलावर भरलेलेच राहिले. मालनबाईंनी मनाशी कबूल केलं की त्यांना इतक्या मानानं आजवर कुणी घालवलं नव्हतं. त्यांच्या सासऱ्यांना लोकांनी जागा नाकारली ती तोंडावर, जातीचं नाव घेऊन. अप्पांना जागा नाकारली तेव्हा कायदा आलेला होता, म्हणून लोक म्हणाले, "खोली कालच गेली." आणि आता अनुपच्या वेळी टाकीची क्षमता निघाली. मधल्या सगळ्या वर्षांत कायद्यानं एवढं काम नक्की केलं होतं. नाही म्हणायची भाषा फार सुधारली होती.

*

दार लागल्याबरोबर बुद्धघोष उठला. "ॲट्रॉसिटी! आत्ताच्या आत्ता ठाण्यात चला. मी इंदापूरवरनं दोन गाड्या पोरं बोलावतो."

"काका, ते काय बोलले?" अंजलीनं विचारलं. "एक शब्द दाखवा मला, जो कोर्टात टिकेल."

"भावना म्हणाला की!"

"भावना सगळ्यांनाच असतात."

"तूच उभी ऱ्हानार का त्यांची वकील म्हणून?" बुद्धघोष चिडला. "आपल्या माणसाला घर देत न्हाईत, आन् तू..."

"तुमच्या इंदापुरातल्या खोल्या आहेत ना, काका? मागच्या वर्षी कंपनीत लागलेला तो पारधी पोरगा आला होता. त्याला काय सांगितलंत?"

बुद्धघोष खाली बसला. "खोली खरंच गेली हुती," तो म्हणाला.  जरा वेळानं तो स्वतःच पुटपुटला, "म्हंजे, नंतर गेली."

अनुप खिडकीशी उभा होता. त्याला राग आला होता तो आईचा. पण तो काढता येत नव्हता, कारण त्यानंच काकाला कळवलं नव्हतं. "आपण गप्प बसू," तो म्हणाला. "अंजली, तूच म्हणाली होतीस ना, अर्जाला तीन महिन्यांत उत्तर दिलं नाही तर सभासद झालोच असं धरतात?"

"धरतात. आणि नाही म्हणायचं तर कारण लेखी द्यावं लागतं. आणि राहायला तर आपल्याला कुणी अडवूच शकत नाही. घर आपलं आहे."

"मग झालं. तीन महिने मान खाली घालून राहू."

"इकून टाक," अप्पा म्हणाले.

सगळे वळले. अप्पा निवृत्त मुख्याध्यापक, कायद्यावर त्यांची अशी श्रद्धा की लहानपणी अनुपला गोष्टी सांगतानासुद्धा कलमं सांगत. तरुणपणी इंदापुरात भाड्यानं खोली घेतली तेव्हा मालकाला जात कळली आणि त्यानं नळाला कुलूप घातलं. अप्पांनी नागरी हक्काच्या कायद्याखाली तक्रार केली. मालक घाबरला, कुलूप निघालं, आणि भोसल्यांचं बिऱ्हाड त्या खोलीत दहा-बारा वर्षं राहिलं. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली होती की अनुपला ती पाठ होती. तेच अप्पा आता विकून टाक म्हणत होते.

"आवो, तुमी म्हनताय हे?" मालनबाईंनी विचारलं.

"व्हय, मीच. त्या खोलीत जिंकलो मी, हे सगळ्यांना सांगितलं. पुढचं कधी सांगितलं न्हाय." अप्पा जमिनीकडं बघत बोलत होते. "एवढ्या वर्षांत एक माणूस दारात आलं न्हाय. अनुपला ताप आला तरी न्हाय. मी शाळेतनं आलो की समोरची दारं लागायची. कायद्यानं मला खोली दिली, मालन. शेजार न्हाय दिला. ते पुन्यांदा ह्या पोरांच्या वाट्याला नगं."

 अनुपचे डोळे भरले. वडील हरले होते हे त्याला आजच कळत होतं.

मालनबाईंना मात्र रडू आलं नाही. उलट त्यांचं डोकं तापलं. "तुमाला शेजार पायजे हुता," त्या म्हणाल्या. "मला नळ पायजे हुता. तुमी शाळेत जायचा, मान मिळायचा, मास्तर म्हनायची लोकं. मी लग्नाआधी कोसभर लांबनं पानी आनलंय, तेबी वरनं कुणी वाढलं तर. त्या खोलीत मी तोटी फिरवली की पानी यायचं. माझं मी. कुणाला इचारायचं न्हाय. समोरचीनं दार लावलं तर लावलं! मी नळाला हात लावून उगंच उभी राहायची, आन् तुमी म्हनताय हारलो? तुमचं तुमी हारा. मी न्हाय हारले."

अप्पांनी मान वर केली. इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट दुसऱ्या बाजूनंही असू शकते, असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

मालनबाईंनी पदर नीट केला आणि चपला घातल्या.

"कुठं निघालीस?" अनुप म्हणाला.

"मीटिंगला. घर मायलेकाच्या नावावर हाय न्हवं?"

"आई, काय बोलणार आहेस तू?"

"काय न्हाय. इचारनार हाय."

*

पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. वीस-पंचवीस माणसं होती. कुणी उसाच्या शेतीवाले, कुणी बँकेतले, कुणी कंपनीतले. दुपारी लिफ्टमध्ये अडकलेल्या पाहुण्यांचा विषय निघाला होता, तो मालनबाई दिसताच लिफ्टच्या दुरुस्तीवर आला. मागोमाग अंजली आणि बुद्धघोष येऊन जिन्यापाशी उभे राहिले.

"काकू, आपल्याला कळवूच आम्ही," संभाजीराव म्हणाले.

"कळवा की. पन कुणाची हरकत हाय तेवढं कळू द्या. मी तीस वर्षं अंगणवाडीत हुते. पोरगं रडायला लागलं की आधी इचारते, कुठं दुखतंय? त्याशिवाय औषिध कसं देनार?"

"हरकत अशी कुणाचीच नाही."

"मग ठराव करा."

"तसंही नाही."

मालनबाई पहिल्या खुर्चीपाशी गेल्या. चष्मेवाले बँकेतले गृहस्थ होते. "दादा, तुमची हरकत हाय का?"

"माझी? अजिबात नाही. पण बाकीच्यांचं बघावं लागतं."

पुढच्या खुर्चीवर त्यांचीच बायको. "तुमची, ताई?"

"मला काहीच नाही हो. ह्यांच्या आईंना जरा वाटतं, पण त्या फलटणला असतात."

पुढचे एक जण म्हणाले, आपण पुरोगामी आहोत, पण भाडेकरूंचा विचार करावा लागतो. भाडेकरू शेजारीच बसला होता, तो म्हणाला, आपल्याला काय, आपण भाडेकरू. ऋषिराज म्हणाला, तो फक्त सेक्रेटरी आहे. एकेक खुर्ची करत मालनबाई शेवटापर्यंत गेल्या. प्रत्येकाचं मन स्वच्छ होतं. प्रत्येकाला शेजारच्याची काळजी होती. एवढ्या माणसांत ती हरकत कुठं बसली होती, कोण जाणे.

"मला हाय हरकत," मागून आवाज आला.

सगळे वळले. मीटरच्या पेटीपाशी, वाऱ्याला म्हणून खुर्ची टाकून, संभाजीरावांची आई लीलाबाई बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, नऊवारी, हातात तपकिरीची डबी.

"आई!" संभाजीराव किंचाळले. "आई, तू वर जा! तिला कमी ऐकू येतं."

"मला चांगलं ऐकू येतं. मगाधरनं ऐकतेय. सगळी खोटं बोलायला लागलीत म्हनून बोलले." त्यांनी डबी मिटली. "हे बघा बाई, आमच्यात तुमच्या शेजाराला राहत न्हाईत. तुमची जात..."

"आई!!" संभाजीरावांनी आईच्या तोंडापुढं हात धरला. ऋषिराजनं फाईल छातीशी कवटाळली. बँकेतल्या गृहस्थांना अचानक दूध आणायचं आठवलं, पण उठायचं धाडस झालं नाही. सगळ्यांच्या नजरा अंजलीकडं गेल्या. मग तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बुद्धघोषकडं. त्याचा मोबाईल हातात होता आणि त्यावर तांबडा ठिपका लुकलुकत होता.

"सगळं आलं ह्यात," बुद्धघोष म्हणाला.

मालनबाईंना मात्र हायसं वाटलं. तासाभरात पहिल्यांदा त्यांच्याशी कुणीतरी बोललं होतं. त्यांनी एक खुर्ची ओढली आणि लीलाबाईंच्या समोर बसल्या.

"काय हुतंय वो तुमाला, आमी शेजारी राहिलो तर?"

"काय हुतंय ते न्हाय सांगता यायचं. हुतंय."

"दुखतंय?"

"न्हाय."

"मळमळतंय?"

लीलाबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "तसंबी न्हाय. कसंतरी हुतंय."

"मला जल्मभर कसंतरीच हुतंय," मालनबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखी मानसं समोर आली की. पन म्हनून मी कुणाचं घर आडवलं न्हाय."

लीलाबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. त्यांना उत्तर सुचत नव्हतं, आणि उत्तर सुचत नाही हे झाकायची कला त्या शिकलेल्या नव्हत्या.

"ठराव!" संभाजीराव ओरडले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "मी ठराव मांडतो! श्री. अनुप भोसले आणि मातोश्री श्रीमती..." ते अडखळले. अप्पा हयात होते. "सौभाग्यवती मालनबाई भोसले यांना संस्थेचं सभासदत्व देण्यात येत आहे. अनुमोदन?"

"माझं!" ऋषिराज म्हणाला.

"माझं पण!" बँकेतले गृहस्थ म्हणाले. भाडेकरूनंही हात वर केला, त्याला मत नव्हतं तरी.

"सर्वानुमते मंजूर! आणि हार्दिक स्वागत असंही लिही, ऋषिराज. हार्दिक आधी लिही."

टाळ्या वाजल्या. सर्वानुमते हे अगदी खरं होतं. फ्लॅट संभाजीरावांच्या नावावर असल्यानं लीलाबाई सभासद नव्हत्या. ज्यांना मत होतं त्यांची हरकत नव्हती, आणि जिची हरकत होती तिला मत नव्हतं.

*

दिवेलागणीला वंदना झाली. हॉलच्या भिंतीशी मूर्ती बसवली, अनुपनं स्वतः दार सताड उघडं ठेवलं, आणि त्रिसरण म्हणताना बुद्धघोषनं मुद्दाम आवाज खाली आणला, कारण आता ओरडायची गरज राहिली नव्हती. मग खिरीच्या वाट्या फिरल्या आणि भांडणाला पुन्हा तोंड फुटलं.

"केस करायचीच," आता अनुप म्हणत होता. दुपारी गप्प बसू म्हणणारा हाच. "सरळ सरळ बोलल्यात त्या. पुरावा आहे."

"ठराव झाला की आता," अप्पा म्हणत होते. "म्हातारीला कोर्टात वढून काय करायचं?"

"म्हातारी एकटीच बोलली," बुद्धघोष म्हणाला. "बाकीचे मनातल्या मनात बोलले. त्यांचं रेकॉर्डिंग कसं करनार?"

"तक्रार करायची का नाही, ते आईंनी ठरवायचं," अंजली म्हणाली. "बोलणं त्यांच्याशी झालंय. आपल्याशी नाही."

 मालनबाई वाट्या उचलायला उठल्या आणि त्यांना दारात कुणीतरी दिसलं.

लीलाबाई उंबऱ्यापासून चांगल्या हातभर मागं उभ्या होत्या, कठड्याला धरून.

मालनबाई बाहेर आल्या. "आत या की."

"नगं. हितंच बरी हाय."

"खीर हाय."

"खीर नगं." लीलाबाईंनी दम घेतला. "केस करनार हाय का माझ्यावर? संभाजी खाली गाडीत बसलाय. वकिलाला फोन लावतोय, जेवला न्हाय. मला म्हनला, जा, पाया पड त्यांच्या. म्हनलं, पाया न्हाय पडनार. इचारून येते."

आतून अप्पांचा आणि अनुपचा आवाज येत होता. मालनबाई दारात उभ्या होत्या आणि ज्यांनी त्यांच्या सासऱ्याला अंगणाच्या बाहेर उभं केलं, तसल्याच घरातली बाई समोर उत्तराची वाट बघत होती. आपण काय म्हणू त्यावर हिचं उद्या काय होणार ते ठरणार होतं. मालनबाईंना ते आवडलं. लाज वगैरे काही वाटली नाही. त्यांनी ते थोडा वेळ तसंच राहू दिलं, उन्हात बसावं तसं.

"मी जे बोलले ते खोटं न्हवतं," लीलाबाई म्हणाल्या. "कसंतरी हुतंय ते हुतंयच. आता बी हुतंय."

"ते दिसतंय."

"पन तुमी मगाशी ते इचारलं, दुखतंय का म्हनून. त्याचा इचार करतेय."

"करा. घाई न्हाय."

 मालनबाईंनी मागं वळून पाहिलं, मग दार थोडं ओढून घेतलं आणि आवाज खाली केला.

"न्हाय करनार केस," त्या म्हणाल्या. "पन संभाजीरावांस्नी एवढ्यात सांगू नगा."

"का वो?"

"टाकीत पानी पुरेना झालं, का कुणाच्या भावना दुखायला लागल्या, तर केसचं त्यांस्नी ध्यानात ऱ्हायला पायजे."

लीलाबाईंनी तपकिरीची डबी काढली, चिमूट घेतली, आणि जिन्याच्या खाली, जिथं लेक गाडीत बसला होता तिकडं पाहिलं.

"कवापातूर?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीपातूर."

लीलाबाईंनी जरा हिशेब केला.

"शिमग्यापातूर ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "भ्यालेला असला की माझ्याशीबी नीट वागतोय."